घाट उतरताना



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा सोबत एक गोड अटही घातली. ‘उन्हाळ्याचे दिवस आहेत, लोक सुटीच्या मनःस्थितीत असतात, तेव्हा संप, बोनस आणि वाटाघाटी एक दिवस बाजूला ठेवा, काही तरी प्रवासाचे सांगा.’ मी ती अट आनंदाने मान्य केली. माझे निम्मे आयुष्य मोटार कामगारांत गेले आहे. ही मंडळी प्रवासावरच जगतात. फरक इतकाच, की आपण प्रवास करतो आणि ते तो करवितात. म्हणून आज मी तुम्हाला एका फार सुंदर आणि तितक्याच छातीत धडकी भरवणाऱ्या रस्त्याने एका राष्ट्रीय उद्यानापर्यंत नेणार आहे. वाटेत संप आणि बोनस लागणार नाहीत. झोप, डिझेल आणि ब्रेक मात्र लागतील. त्याला माझा इलाज नाही.

उद्यान म्हणजे चांदोली. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा सह्याद्रीच्या कण्यावर जेथे एकमेकींना भिडतात, तेथे वारणेच्या धरणामागे पसरलेले हे सुमारे ३१७ चौरस किलोमीटरचे रान. १९८५ साली ते अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला त्यात हेही रान आले. गवे, सांबरे, अस्वले, शेकरू असा तिथला मोठा परिवार. वाघ मात्र फार थोडे. म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याकडची एक वाघीण तेथे आणून सोडली. तिला त्रास होऊ नये म्हणून बरोबर पशुवैद्य होते. ती गाडी चालवणारा किती तास जागा होता, याची बातमी मात्र माझ्या वाचनात आली नाही.

खारघरहून चांदोलीला जाण्याचे दोन मार्ग आहेत. शहाणा माणूस कळंबोलीहून द्रुतगती महामार्ग धरतो, पुण्यावरून कराड गाठतो आणि शिराळे तालुक्यातल्या आरळा-मणदूरमार्गे उद्यानाच्या दाराशी उतरतो. हौशी माणूस पळस्प्याहून कोकणची वाट धरतो. पेण, माणगाव, महाड, पोलादपूर करीत चिपळूणला येतो आणि तेथून कुंभार्लीचा घाट चढून कोयनानगर, पाटण, कराड असा वळसा घेतो. वेळ जास्त, वळणे जास्त, पण डोळ्यांचे पारणे फिटते. गेल्या डिसेंबरात आमच्या शेजारपाजारची पंधरा माणसे सतरा आसनांची गाडी ठरवून निघाली, तेव्हा बहुमत हौशी लोकांचे होते. जाताना कुंभार्ली, येताना बोरघाट, असा बेत ठरला. मला ड्रायव्हरशेजारचे आसन मिळाले. ते कोणाला नको असते. घाटात तेथे बसणारा माणूस सारखा दोन्ही पायांनी नसलेला ब्रेक दाबत असतो.

शुक्रवारी रात्री आपल्या उत्सव चौकात उभे राहून पाहा. अशा गाड्या ओळीने लागलेल्या असतात. टपावर बॅगा, आत गाणी, पोरांचा गलका. रात्री निघायचे, पहाटे पोचायचे, म्हणजे एक दिवस वाचतो, हा आपला हिशोब. हा वाचलेला दिवस येतो कोठून? तो ड्रायव्हरच्या झोपेतून येतो. दुसरी खाणच नाही.

आम्ही पहाटे पाचच्या सुमारास चिपळूणला चहाला थांबलो. ड्रायव्हर पन्नाशीच्या आतबाहेरचा, पाटणकडचा, कमी बोलणारा. गाडी अतिशय मऊ हाताने चालवीत होता. कशेडीच्या बोगद्यापासून पुढे मी त्याच्या हाताकडे पाहत आलो होतो. पण चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला, आणि कप धरण्याची ती तऱ्हा मला ओळखीची आहे. मी विचारले, “दादा, किती वाजता उठलात?”

तो म्हणाला, “आज का काल?”

“काल म्हणा.”

“काल पाचला. सहाला कंपनीच्या लोकांची पाळी असती ना. संध्याकाळी पाळी सोडली, गाडी धुतली, दहाला तुमच्याकडं आलो.”

म्हणजे मंडळी, चोवीस तास पुरे झाले होते आणि समोर कुंभार्लीचा घाट होता, वर धुके होते. मी आतल्या मंडळींना सांगितले, आता तीन-चार तास येथेच थांबावयाचे. कोणाला ते आवडले नाही. एक गृहस्थ म्हणाले, “त्यांना सवय असते हो.” हे वाक्य मी गिरणीच्या दाराशी, गोदीत, गोदामात, सगळीकडे ऐकले आहे. ज्या गोष्टीची आपल्याला एक रात्रही सवय करून घ्यावी लागत नाही, तिची दुसऱ्याला सवय असते असे आपण फार चटकन धरून चालतो. झोपेची सवय मोडता येत नाही, ती फक्त लांबवता येते. आणि लांबवलेली झोप सरळ रस्त्यावर येते, वळणावर येते, डोळे उघडे असताना येते.

गाडी उभी राहून पाऊण तास झाला असेल, तोच मालकाचा फोन. हल्ली गाडीला यंत्र बसवलेले असते. गाडी कोठे आहे, चालते की थांबली, ते मालकाला घरबसल्या दिसते. ड्रायव्हर दचकून उठला. फोन मी घेतला. पलीकडून प्रश्न, “गाडी का उभी आहे?” मी म्हटले, “गाडी ठीक आहे, माणूस झोपला आहे.” त्यावर, “मी काय झोपायचे पैसे देतो का?” मी सांगितले, “दिवसाचे भाडे आम्ही भरले आहे. आमच्या दिवसात त्याने झोपावे अशी आमची इच्छा आहे.” पुढे बोलणे वाढले नाही.

त्या मालकाला मी येथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. त्याच्या दोन गाड्या, दोहोंवर कर्ज, महिन्याच्या महिन्याला हप्ता. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो स्वतः याच आसनावर बसत असे. तो काही कारखानदार नव्हे. पण पिळणारा लहान असला म्हणून पीळ हलका होत नाही.

आम्ही नवानंतर निघालो. धुके उठले होते. शिरगाव, पोफळी मागे पडली आणि चढण सुरू झाली. कुंभार्लीचे वर्णन मी काय करणार? लेखक लोक करतील. डोंगराच्या अंगाला रस्ता चिकटलेला, एका बाजूस ओला काळा कातळ, दुसऱ्या बाजूस गुडघाभर कठडा आणि त्यापलीकडे एकदम काही नाही. खाली वाशिष्ठीचे खोरे, त्यात खेळण्यातली वाटावीत अशी घरे. प्रत्येक वळणावर मागून ‘अहाहा’ असा आवाज उठे आणि पुढल्या वळणावर तोच आवाज ‘अरे देवा’ असा होई. समोरून उसाचा, सिमेंटचा, खताचा ट्रक आला की वळण अकस्मात निम्मे होते. आमच्यातल्या एका आजींनी डोळे मिटून नामस्मरण चालविले होते. नातवाने विचारले, “आजी, बघत का नाहीस?” त्या म्हणाल्या, “तो बघतो आहे ना, पुरे.” ‘तो’ म्हणजे देव की ड्रायव्हर, हे मी विचारले नाही.

आता या ठिकाणी मला जरा थांबावयाचे आहे, कारण घाटाची भीती आपल्याला चुकीच्या जागी वाटते. चढताना आपण घाबरतो. दरी दिसते, गाडी कण्हते, गिअर बदलताना क्षणभर अडकल्यासारखी होते, आणि जीव वर येतो. पण चढणारी गाडी काही झाले तरी थांबण्याच्याच दिशेने जात असते. उतरताना मात्र गाणी सुरू होतात. गाडी हलकी वाटते, वारा लागतो. खरा धोका तेथे असतो, आणि तो खिडकीतून दिसत नाही.

हे समजावयाला कोयनेइतके चांगले ठिकाण नाही. घाटमाथ्यापलीकडे शिवसागराचे पाणी अडवले आहे. ते पाणी बोगद्यांतून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीला सोडतात, तेथे डोंगराच्या पोटात चक्रे फिरतात आणि वीज होते. सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता १९६० मेगावॉट आहे. ही वीज पाण्यात नसते. ती उंचीत असते. आता पाण्याच्या जागी सोळा टनांचा भरलेला ट्रक घ्या. तोही तेवढीच उंची उतरतो. गणित शाळेतलेच आहे. मी ते नोकरी लागल्यावर रात्रीच्या वर्गात शिकलो. वजन, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार केला तर वीस-एकवीस युनिट होतात. घरातला दोन किलोवॉटचा गीझर सलग दहा तास चालू ठेवला तर जेवढी उष्णता होईल, तेवढी या ट्रकला अर्ध्या तासात कोठे तरी टाकावी लागते. पोफळीला ती चक्रावर टाकतात. ट्रक ती कोठे टाकणार?

दोनच जागा आहेत, इंजिन आणि ब्रेक. जुने उस्ताद शिकाऊ क्लीनरला पहिल्याच दिवशी सांगत, ‘ज्या गिअरवर चढशील त्याच गिअरवर उतर.’ खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ब्रेकला फक्त वेळप्रसंगी हात लावावा लागतो. पण गाडी न्यूट्रलवर सोडली, की सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापतात, करपल्याचा वास येतो, ब्रेकचे तेल उकळले तर पायाखालचे पेडल मऊ पडते आणि मग ते खालपर्यंत जाते पण गाडी ऐकत नाही. हवेच्या ब्रेकच्या गाडीत सारखा सारखा ब्रेक मारला तर टाकीतली हवा भरण्यापेक्षा लवकर उतरते. इंजिनच बंद करून उतरणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्यांना ब्रेकची मदतही मिळत नाही आणि हवाही भरत नाही. दुसऱ्या दिवशी पंचनाम्यात एकच ओळ येते, ‘ब्रेक फेल’. जणू ब्रेक हा एक बेजबाबदार कामगार होता आणि तो आयत्या वेळी कामावर आला नाही!

पण ड्रायव्हर न्यूट्रल का करतो? तो मूर्ख नसतो. घाट त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा दसपट ठाऊक असतो. कित्येक ठिकाणी मालक खेपेला मोजून डिझेल देतो. त्यापेक्षा जास्त लागले तर पगारातून कापतो, कमी लागले तर उरलेले ड्रायव्हरचे. म्हणजे घाट नीट उतरणाऱ्याला दंड आणि जिवावर उदार होणाऱ्याला बक्षीस. आमच्या संघटनेने कराराच्या बोलण्यांत ही अट काढून टाकण्याचा आग्रह जेथे जेथे धरला, तेथे प्रथम आम्हाला ‘चोरीला संरक्षण देणारे’ म्हटले गेले. दोन ठिकाणी अट गेली. घाटाच्या खेपांना वेगळा हिशोब लागू झाला. तीन लिटर डिझेल जास्त जळते, हे खरे आहे.

घाटाचा एक जुना शिष्टाचारही सांगतो. अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर दोन गाड्या आल्या, तर उतरणाऱ्याने बाजूस थांबावयाचे आणि चढणाऱ्याला वाट द्यावयाची. हा नुसता शिष्टाचार नाही, वाहतुकीचा नियमच आहे. चढणाऱ्याच्या अंगावर भार असतो, थांबला तर पुन्हा उठणे कठीण. कुंभार्लीत त्या सकाळी एक उसाचा ट्रक आमच्यासाठी असा थांबला. आमच्या ड्रायव्हरने नुसती दोन बोटे वर केली, त्याने मान हलवली. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर अर्धा तास शिव्या ऐकल्यानंतर असे काही पाहिले की बरे वाटते. हाच नियम जगात इतरत्र लागू झाला असता, तर माझ्यासारख्यांना दुसरा उद्योग शोधावा लागला असता. पण तो विषय आज वर्ज्य आहे.

घाटमाथ्यावर आम्ही उतरलो. ड्रायव्हरने एका बाजूस बोट दाखवून सांगितले, “त्या खोऱ्यात आमचं गाव.” त्याचा बाप माथाडी होता, प्रथम मुंबईत, मग वाशीच्या बाजारात. पाटण, जावळी, शिराळे या डोंगरपट्ट्यातली निम्मी तरणी माणसे पिढ्यान्‌पिढ्या याच वाटांनी मुंबईला उतरली. कोणी गिरणीत गेले, कोणी गोदीत, कोणी पाठीवर पोती वाहिली. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील हेही पाटण तालुक्यातलेच, आणि १९६९ चा माथाडी कायदा या माणसांच्या घामावर उभा राहिला. आज आपल्या शेजारी कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल उचलणाऱ्याला गाव विचारा, याच खोऱ्यांतली नावे निघतील. आपण ज्याला निसर्गरम्य घाट म्हणतो, तो त्यांचा घरचा उंबरठा आहे.

आणि जे रान आपण पाहावयाला चाललो होतो, त्याची शांतता फुकटची नाही. वारणेचे धरण आणि मग अभयारण्य, या दोहोंनी मिळून तिथली कित्येक गावे उठली. माणसे खाली सपाटीवर नेऊन वसवली. जमिनीसाठी, पाण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. उद्यानात फिरताना एखादे जुने आंब्याचे झाड, एखादा दगडी जोत्याचा चौथरा रानात एकटाच उभा दिसतो, तेव्हा ते कोणाचे अंगण होते हे ओळखावे. वाघ राहिला पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. आम्ही वाघ पाहिला नाही. गव्यांचा कळप पाहिला, आणि संध्याकाळी धरणाच्या पाण्यावर उतरणारा प्रकाश पाहिला.

मुक्कामाच्या ठिकाणी आम्हाला खोल्या चांगल्या मिळाल्या. ड्रायव्हरसाठी जागा नव्हती. व्यवस्थापक म्हणाले, “ड्रायव्हर लोक गाडीतच झोपतात.” डिसेंबरची थंडी, रानाचा काठ, आणि दीड हात रुंदीचे आसन. तेव्हा नामस्मरण करणाऱ्या आजी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “मग मी गाडीत झोपते, त्यांना माझी खाट द्या. परवा मला घरी न्यायचे आहे त्यांनी.” दहा मिनिटांत एक गादी, एक रजई आणि ओसरीवरची खोली निघाली. दोनशे रुपये जास्त पडले. पंधरा जणांत वाटले तर माणशी चौदा रुपयांच्या आत. तमिळनाडू सरकारने २०२३ साली नियमच केला, की हॉटेलांनी आणि लॉजांनी पाहुण्यांच्या ड्रायव्हरसाठी झोपण्याची आणि न्हाणीची सोय केली पाहिजे. आपल्याकडे आजींवर भागवावे लागते.

तुम्ही विचाराल, कायदा नाही काय? होता, आणि चांगला होता. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याच्या मार्गांवर सवलत, पण दहा तासांच्या वर नाही. पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. पण तो लागू कोणाला? पाच किंवा अधिक मोटार कामगार ज्याच्याकडे आहेत त्याला. दोन गाड्यांचा मालक आणि त्याचे दोन ड्रायव्हर कायद्याच्या चाळणीतून अलगद खाली गेले. २०२० च्या कामगार संहितेत हा कायदाही सामावून घेतला. आमचे दोन गाड्यांवाले पूर्वीही बाहेर होते. एस.टी.ची गोष्ट वेगळी. १९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर अशी पहिली गाडी धावली, तेव्हापासून तिथल्या ड्रायव्हरने भांडून भांडून पाळी, विश्रांतीगृह, मुक्कामाचा भत्ता मिळविला. ती विश्रांतीगृहे कशी आहेत हा वेगळा विषय. पण निदान ड्रायव्हर हा झोपणारा प्राणी आहे, हे तेथे कागदावर तरी मान्य आहे.

याच रस्त्याने जाताना महाडला सावित्रीचा नवा पूल लागतो. २०१६ च्या २ ऑगस्टला रात्री जुना, इंग्रजांच्या काळचा दगडी पूल पुरात गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. त्या ड्रायव्हरांनी काय करावयाला हवे होते? काहीही नाही. आणि पोलादपूरहून महाबळेश्वरकडे फुटणारा आंबेनळी घाट. २०१८ च्या २८ जुलैला दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस तेथे दरीत गेली. एक सोडून सगळी माणसे गेली. एक माणूस वर चढून आला म्हणून जगाला कळले. महाबळेश्वर-पोलादपूरच्या गिर्यारोहक पोरांनी दोर लावून एकेक देह वर काढला. त्यानंतर कित्येक दिवस गाडी कोणाच्या हातात होती, यावर वाद चालला. घरच्यांचा तो हक्क आहे. त्यांना उत्तर हवे असते. पण अशा प्रत्येक अपघातानंतर मी पाहतो, आपण सगळे शेवटच्या वळणाची चौकशी करतो. आदल्या दिवसाची चौकशी कोणी करीत नाही.

रविवारी आमच्यात मतभेद झाला. सूर्यास्त धरणावर पाहावा आणि मग सातला निघावे, असा एक पक्ष. मी हिशोब मांडला. सातला निघालो तर मध्यरात्रीनंतर बोरघाट उतरावा लागेल, आणि ड्रायव्हरला सोमवारी सकाळी सहाला कंपनीची पाळी आहे. म्हणजे घाटात त्यालाच सगळ्यांपेक्षा जास्त घाई असणार. घाई आणि उतार यांची गाठ घालून देऊ नये. मी दुपारी बाराला निघण्याची सूचना ठेवली आणि संघटनेच्या सवयीप्रमाणे मत घेतले. नऊ विरुद्ध सहा. हरलेल्या पक्षातील दोन भगिनी लोणावळ्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. तेथे चिक्की घेतल्यावर बोलल्या.

दिवस मावळता मावळता आम्ही बोरघाट उतरलो. हा घाट आपण सगळेच इतक्या वेळा उतरतो, की तो घाट आहे हेच विसरतो. १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, येथून गाडीरस्ता झाला. १८५६ मध्ये रेल्वेचे काम सुरू झाले, १८६३ साली गाडी वर चढली. १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजार माणसे या डोंगरावर काम करीत होती; दोराला लोंबकळून कड्यात सुरुंगाची भोके पाडीत होती. पटकीने आणि अपघातांनी ती हजारोंनी मेली. ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार काम हाती घेताच १८५९ साली वारला, त्याच्या बायकोने ते कंत्राट पुरे केले; हे सगळीकडे कौतुकाने लिहिलेले असते आणि ते कौतुक योग्यच आहे. त्याच १८५९ च्या जानेवारीत, आधीच्या कंत्राटदाराच्या हाताखाली मजुरी थकली म्हणून तिथल्या मजुरांनी गोऱ्या मुकादमांविरुद्ध उठाव केला. तेव्हा देशात संघटना हा शब्द कामगाराला ठाऊक नव्हता. ज्या बोगद्यातून आपली मुले ‘हो’ करून ओरडतात, तो बोगदा खणणाऱ्यांनी आपल्या पगारासाठी दगड हातात घेतले होते.

जुन्या रस्त्याने उतरले तर शिंग्रोबाचे देऊळ लागते. सांगतात, शिंग्रोबा धनगर होता. साहेबांना डोंगरातून वाट सापडेना, ती त्याने मेंढ्यांमागून जाऊन दाखवली. काय बक्षीस हवे, विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि गोळी खाल्ली. येणारा-जाणारा ड्रायव्हर तेथे नाणे टाकतो. आमच्या ड्रायव्हरनेही गाडी हळू करून, काच खाली घेऊन नाणे टाकले. मागून कोणी तरी म्हणाले, “अंधश्रद्धा!” मला तसे वाटले नाही. नाणे टाकावयाला वेग कमी करावा लागतो, आणि उताराच्या तोंडाशी प्रत्येक गाडी एकदा वेग कमी करते, हे काही वाईट नाही. मग तो दुसऱ्या गिअरवर उतरला. खोपोलीपर्यंत त्याने ब्रेकला किती वेळा पाय लावला ते मी मोजले. मोठी वळणे सोडली तर जवळजवळ नाहीच. आजी झोपल्या होत्या.

आता व्यवहाराचे बोलतो. चांदोलीचे रान पावसाळ्यात बंद असते. जूनच्या मध्यापर्यंत तुमच्या हाती थोडे दिवस आहेत, नाही तर मग दिवाळीनंतर. गाडी ठरवाल तेव्हा भाडे, पाण्याच्या बाटल्या आणि गाण्यांची सोय यांबरोबर मालकाला दोन प्रश्न विचारा. ड्रायव्हर निघण्याच्या आदल्या दिवशी किती तास गाडीवर असेल? आणि आल्यावर दुसऱ्या सकाळी त्याची पाळी आहे काय? रात्रीचा प्रवास असेल तर दोन ड्रायव्हर मागा. पैसे जास्त पडतील. उत्तर तोंडी घेऊ नका, भाड्याच्या पावतीवर लिहून घ्या. मालक कुरकुर करील. आमच्या परिसरातल्या तीन सोसायट्यांनी गेल्या चार महिन्यांत असे लिहून घेतले आहे. एका मालकाने नकार दिला, दोघांनी दिले, आणि त्या दोघांपैकी एक तोच आमचा फोनवरचा मित्र आहे. पावतीवर त्याच्या हातचे अक्षर आहे: ‘चालक आदल्या रात्री घरी झोपेल.’ ती पावती मी येथे आणली आहे. ज्यांना नमुना पाहावयाचा आहे, त्यांनी नंतर टेबलापाशी यावे. प्रश्न असतील तर अध्यक्षांच्या परवानगीने आता घेऊ.